सुपर निंटेंडोवर जपानी गेम: अडॅप्टर की पक्कड?

निंटेंडोचा एकच गेम कन्सोल, नावं दोन: जपानचा सुपर फॅमिकॉम १९९०चा, अमेरिकेचा सुपर निंटेंडो १९९१चा. आतून दोघे सख्खे भाऊ, परप्रदेशातले गेम रोखणारी लॉकआउट चिपही जुळते. अडवतात फक्त अमेरिकन कन्सोलच्या स्लॉटमधल्या प्लास्टिकच्या दोन खुंट्या. जपानी कार्ट्रिजच्या पाठीला त्यांच्यासाठी खाचाच नसतात.

स्लॉट आणि कार्ट्रिजच्या मध्ये बसणारा अडॅप्टर लावला तर कन्सोल अभंग राहतो. पण कडेच्या जादा पिना नसलेल्या स्वस्त अडॅप्टरवर सुपर एफएक्स चिपचे (कार्ट्रिजमध्येच जादा ग्राफिक्स चिप असलेले) गेम चालत नाहीत.

खुंट्या काढायला लांब टोकाची पक्कड पुरते. खुंटी घट्ट धरायची, हळूहळू हलवत राहायचं, कट्‌कन तुटते. तुकडा आत पडू देऊ नका. मी हेच करेन, कारण पिना थेट जुळतात. कन्सोल संग्रहासाठी जपायचा असेल, तरच अडॅप्टर.

युरोपियन कन्सोलवर मात्र पक्कड व्यर्थ: तिथे चिपच वेगळी.