साम्य-तपासणीचं सॉफ्टवेअर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

एका छोट्या संशोधन-नियतकालिकाचं संपादन मी पाहते. गेले नऊ महिने आमच्याकडे येणारा प्रत्येक लेख समीक्षकांकडे जाण्याआधी साम्य-तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून जातो, म्हणजे त्यातला मजकूर आधीच्या लेखनाशी कुठे जुळतो हे पाहिलं जातं. पहिल्या महिन्यात हा अनुभव लिहिला असता तर नुसतं कौतुक केलं असतं, चौथ्या महिन्यात लिहिला असता तर नुसता राग उतरला असता. आता दोन्ही ओसरलंय.

आधी जे खरंच चांगलं आहे ते. लेखातली जुळणारी वाक्यं रंगवून दिसतात आणि शेजारी मूळ मजकूर उघडतो. साध्या शोधात न सापडणारे, वर्गणीच्या कुलपामागचे लेखही तुलनेत येतात. प्रकाशकांनी एकमेकांचे लेख तपासणीसाठी खुले केले, म्हणून हे शक्य झालं. प्रकाशकांच्या ‘क्रॉसरेफ’ या संस्थेने अशी सामायिक सेवा २००८ साली सुरू केली आणि आता ती पद्धत रुळली आहे. लबाडीच्या काही क्लृप्त्याही पकडल्या जातात: शब्दांच्या मधे पांढऱ्या रंगात दडवलेली अक्षरं, किंवा रोमन ‘ए’च्या जागी बसवलेलं हुबेहूब तसंच दिसणारं सिरिलिक (रशियन लिपीतलं) अक्षर. अशी एक फाइल पाचव्या महिन्यात आली. नुसत्या डोळ्यांनी मला ते जन्मात कळलं नसतं.

आमची फसगत झाली ती अहवालाच्या कोपऱ्यातल्या एकूण साम्याच्या टक्क्याने. सुरुवातीला आम्ही २० टक्क्यांवर रेघ मारली होती. वर गेला तर लेख परत, खाली राहिला तर पुढे. मग ३८ टक्क्यांचा एक लेख आला. उघडून पाहिला तर संदर्भसूची मोजणीतून वगळलेलीच नव्हती, पद्धतीच्या विभागात प्रयोगाची ठरलेली वाक्यं होती आणि उरलेलं साम्य लेखकाच्या स्वतःच्या प्रीप्रिंटशी, म्हणजे समीक्षेआधीच ऑनलाइन खुल्या केलेल्या मसुद्याशी होतं. लेख स्वच्छ होता. त्याच आठवड्यात ११ टक्क्यांचा दुसरा लेख आला. त्यातले जवळजवळ सगळे टक्के एकाच जागचे निघाले: चर्चेच्या विभागातले सलग तीन परिच्छेद, एकाच जुन्या लेखातून, संदर्भ न देता. म्हणजे लेखाचा विचारच उचललेला. रेघ पाळली असती तर तो आम्ही पुढे पाठवला असता.

तेव्हापासून मी टक्का शेवटी बघते. एकाच स्रोतातून किती आलंय, सलग किती आलंय आणि लेखाच्या कोणत्या भागात आलंय, हे आधी. सेटिंगमध्ये संदर्भसूची आणि आठ-दहा शब्दांखालच्या जुळण्या वगळते. अवतरणं मात्र वगळत नाही, कारण अख्खा परिच्छेद अवतरणचिन्हांत घातला की तो मोजणीतून गायबच होतो.

चौथ्या महिन्यातली गोष्ट मला अजून टोचते. एका तरुण संशोधिकेच्या लेखावर ९४ टक्के साम्य आलं. स्रोत म्हणून फक्त ‘विद्यार्थ्याने सादर केलेला मजकूर’ असं दिसत होतं, आतला मजकूर उघडत नव्हता. मी तिला कडक पत्र लिहिलं. तो मजकूर तिच्याच प्रबंधाचा कच्चा खर्डा होता! तिच्या संस्थेने तो तपासताना सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये साठवून ठेवला होता. मी माफी मागितली, तरी तिने लेख मागे घेतला. संशय आला तर आधी लेखकाला शांतपणे खुलासा विचारा, हे प्रकाशन-नीतिमत्तेसाठी १९९७ पासून काम करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेच्या तक्त्यांत स्पष्ट आहे. मी ते वाचलेलं होतं, पाळलं नाही. तुम्ही स्वतः लेखक असाल तर खर्डा तपासायला देताना ‘साठवू नये’ हा पर्याय निवडायला सांगा. आणि अप्रकाशित लेख कुठल्यातरी फुकट संकेतस्थळावर तपासायला टाकूच नका. तो पुढे कुठे जातो यावर तुमचा ताबा राहत नाही.

सॉफ्टवेअरला न दिसणाऱ्या गोष्टीही बऱ्याच आहेत. भाषांतर करून उचललेला मजकूर बहुतेक वेळा निसटतो. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली पीडीएफ त्याला निरर्थक अक्षरांसारखी दिसते आणि साम्य शून्य येतं. समानार्थी शब्दांची अदलाबदल केली तरी तेच. २०२१ मध्ये संशोधक गियोम काबानाक आणि सहकाऱ्यांनी असे लेख उघडकीस आणले, त्यांत ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झालं होतं! असं वाक्य विषय जाणणाऱ्या समीक्षकालाच खटकतं. एआयने लिहिल्याचा अंदाज देणारी सोय आम्ही बंद ठेवली आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन कमी अचूकतेमुळे २०२३ मध्ये मागे घेतलं, तेव्हा त्या आकड्यावर कुणाला दोषी धरायला माझं मन धजत नाही.

सगळ्यात मोठी चोरी तर या तपासणीच्या आधीच होऊ शकते. मायकल डॅन्सिंजर आणि सहकाऱ्यांचा लेख ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ने नाकारला, आणि तो तपासणाऱ्या समीक्षकाने पुढे स्वतःच्या नावावर छापून आणला. डॅन्सिंजर यांनी त्या समीक्षकाला उद्देशून लिहिलेलं खुलं पत्र त्याच नियतकालिकात २०१६ च्या अखेरीस आलं. मूळ लेख अप्रकाशित, म्हणजे जुळवायला डेटाबेसमध्ये काहीच नाही. उलट खऱ्या लेखकाने तो नंतर दुसरीकडे पाठवला तर साम्य त्याच्याच नावावर दिसेल. कॉपीराइटचाही आधार अपुरा पडतो, कारण तो नोंदणीशिवाय मिळत असला तरी मांडणीला मिळतो. कल्पनेला तो नाही, हे बौद्धिक संपदेवरच्या ‘ट्रिप्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ९.२ मध्येच आहे.

म्हणून आम्ही आता लेख पोहोचल्याची तारीखवार पावती प्रत्येकाला देतो आणि नाकारलेला लेख कोणकोणत्या समीक्षकांनी पाहिला याची नोंद जपतो. लेखकांना प्रीप्रिंट टाकायला सांगतो, म्हणजे तारीख जगासमोर राहते. पेटंट घ्यायचं असेल तर मात्र आधी अर्ज करा. युरोपात अर्जाआधी प्रसिद्ध झालेलं काम, अगदी स्वतःचं असलं तरी, नवीन धरलं जात नाही.

पुढच्या वर्षाची वर्गणी आम्ही भरतोय. समीक्षकांना अहवालाचं टक्क्याचं पान पाठवणं मात्र बंद केलंय.