हॅम्पशरमधील फील्ड ॲम्ब्युलन्स शिबिर: दोन दिवसांचा अनुभव आणि अभिप्राय

इंग्लंडमधील हॅम्पशर परगण्यात, ऑल्डरशॉटच्या लष्करी छावणीपासून फार दूर नसलेल्या एका शेतावर, हौशी इतिहासप्रेमींचा एक गट उन्हाळ्यात दोन दिवसांचे शिबिर भरवतो. दुसऱ्या महायुद्धात रॉयल आर्मी मेडिकल कोअर या ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलाच्या तुकड्या रणांगणावर जाण्यापूर्वी मायदेशी कशा राहत आणि काय शिकत, ते येथे स्वतः करून पाहता येते. माणशी ४० पौंडांत तंबूतील मुक्काम, जेवण आणि चहा मिळतो. मी हाडांच्या विभागात सतरा वर्षे परिचारिका म्हणून काम करते, त्यामुळे माझी उत्सुकता केवळ इतिहासाची नव्हती.

फील्ड ॲम्ब्युलन्स हे नाव ऐकून डोळ्यांसमोर गाडी येते, पण ते एका संपूर्ण पथकाचे नाव आहे, आणि डॉक्टर, परिचर, स्ट्रेचर वाहणारे, चालक, स्वयंपाकी असे सगळे त्यात मोडत. फ्रान्समधील डंकर्कहून ब्रिटिश सैन्य माघारी आल्यानंतर, म्हणजे जून १९४० पासून, यांतील अनेक पथके वर्षानुवर्षे मायदेशीच होती. पायदळाच्या ४३ व्या वेसेक्स डिव्हिजनचेच पाहा. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धासाठी बोलावली गेलेली ही डिव्हिजन आणि तिच्यासोबतची वैद्यकीय पथके नॉर्मंडीला उतरली ती थेट जून १९४४ मध्ये. सुमारे पावणेपाच वर्षे ज्यांच्यासमोर रणांगणावरचा जखमी नव्हता, त्यांनी तेच तेच काम किती वेळा केले असेल, याची जाणीव हे शिबिर करून देते आणि तेच त्याचे मोठे बळ आहे.

पहिली सकाळ स्ट्रेचरच्या कवायतीची. लाकडी दांडे आणि जाड कापडाचे हे स्ट्रेचर रिकामे असतानाही चांगलेच जड लागते. चौघांनी उचलायचे, पण पावले जुळवायची नाहीत. लष्करात सगळीकडे पाय जुळवायचे आणि येथे मात्र ती लय मुद्दाम मोडायची, कारण चौघांची पावले एकदम पडली की स्ट्रेचर हेलकावे खाते आणि मोडलेल्या हाडाला प्रत्येक हेलकावा जाणवतो. आमच्या गटातील एका मुलीला झोपवून आम्ही उताराचे कुरण ओलांडले, तेव्हा शंभर पावलांतच माझी बोटे आखडली. त्यानंतर ब्लँकेटच्या घड्या शिकवल्या. जखमीला थंडी वरून जितकी लागते, तितकीच खालूनही लागते, म्हणून तीन ब्लँकेटे अशी घालतात की अंगाखाली चार थर येतात आणि अंगावरही चार. इतकी साधी गोष्ट मला कोणी कधी शिकवली नव्हती, याचे मला खरोखर वाईट वाटले.

दुपारची थॉमस स्प्लिंटची कवायत हा या शिबिराचा प्राण आहे. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी एकोणिसाव्या शतकात तयार केलेले, मोडलेला पाय ताणून स्थिर धरणारे हे लोखंडी साधन पहिल्या महायुद्धात मांडीच्या हाडाच्या अस्थिभंगासाठी सर्रास वापरात आले आणि पुढे त्याची बांधणी आकड्यांच्या हुकमावर, म्हणजे प्रत्येक कृतीला एक आकडा देऊन, शिकवली जाऊ लागली. बूट काढायचा नाही. एकाने टाच आणि पाऊल धरून पाय सरळ रेषेत ओढून धरायचा आणि ती ओढ शेवटपर्यंत सोडायची नाही. दुसऱ्याने स्प्लिंटचे लोखंडी कडे पावलावरून वर सरकवत नितंबाच्या हाडाला टेकवायचे. मग घोट्याला बांधलेली दोरी स्प्लिंटच्या खालच्या टोकाला बांधून, त्यात छोटी काडी घालून पीळ द्यायचा. माझे हात टाचेवर होते. तीन मिनिटांतच दंड थरथरू लागले, तरी प्रशिक्षक शांतपणे पुढचा आकडा पुकारत राहिले. नंतर डोळ्यांवर पट्टी बांधून तीच कवायत पुन्हा करायला लावली. पहिल्या खेपेला आमची गाठ उलटी बसली, तिसऱ्या खेपेला काडी आपोआप जागेवर गेली. आमच्या रुग्णालयात हे काम उजेडात आणि वेदनाशामक दिल्यावर होते; चिखलात, रात्री ते करणाऱ्यांबद्दल मला आता वेगळाच आदर वाटतो.

तक्रार एकच, पण ती महत्त्वाची आहे. संध्याकाळचा दीड तास ऑस्टिन के-टू या रुग्णवाहिकेच्या माहितीत गेला. गाडी देखणी आहे, तिच्यात चार स्ट्रेचर किंवा बसलेले दहा जखमी मावत, हेही खरे. पण पथकाच्या रोजच्या आयुष्याचा मोठा भाग असलेली स्वच्छतेची कामे, म्हणजे शौचखड्डे खणणे, भांडी घासणे आणि पाणी शुद्ध करणे, पंधरा मिनिटांत उरकली गेली. पाण्याला क्लोरीन किती लागेल ते तपासण्याची हॉरॉक्सची पेटी मेजावर नुसती मांडून ठेवली होती. आपल्याकडे नर्सिंग शिकलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटेल, कारण गावच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पावडर, किती टाकायची, ते आपण त्याच पद्धतीने काढायला शिकलो: सहा पांढऱ्या कपांत पाणी, प्रत्येकात त्या पावडरीच्या द्रावणाचे थेंब चढत्या क्रमाने, अर्धा तास थांबून सूचक द्रव, आणि ज्या कपात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग येतो त्या कपाचा क्रमांक पाहायचा. ही रीत सर विल्यम हॉरॉक्स या याच मेडिकल कोअरच्या अधिकाऱ्याची. त्यांचे पुत्र जनरल ब्रायन हॉरॉक्स यांच्या ३० व्या कोअरमध्ये (अनेक डिव्हिजनांच्या लढाऊ दलात) वर उल्लेख केलेली वेसेक्स डिव्हिजन सप्टेंबर १९४४ मध्ये लढली. मी परवानगी घेऊन ती चाचणी करून दाखवली, तेव्हा चौथा कप निळा झाला आणि गाडीभोवतीची मंडळीही मेजापाशी आली. संयोजकांनी पुढच्या वर्षी या भागाला पूर्ण सकाळ द्यावी, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.

जेवण साधे आहे. शाकाहारी असाल तर आधी सांगा, म्हणजे वेगळी भाजी मिळते. गुडघ्यांवर बसण्याचे काम फार असल्यामुळे जुनी पँट आणि घोटा झाकणारे बूट न्या. पाठीचे दुखणे असलेल्यांनी स्ट्रेचर उचलू नये, त्यांना जखमी म्हणून झोपता येते. माझ्या मते ती जागाही घेऊन पाहावी, कारण पावले जुळली की काय होते, ते झोपलेल्यालाच नीट कळते.