ट्रॉलरवर गॅस डिटेक्टर: सीझनभर वापरल्यावर

ऑगस्टला मासेमारी सुरू झाली तेव्हा बसवला, आता मे संपत आलाय, म्हणून लिहितो. आमचा ट्रॉलर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला, आठ-आठ दिवस बाहेर असतो आणि सगळ्या खलाशांचं जेवण केबिनमागच्या एवढ्याशा किचनमध्ये गॅसवरच होतं. डिटेक्टर आणला तर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, म्हणाले, वास येतोच की रे, मशीन कशाला! आता वास येतो तो गॅसमध्ये मुद्दाम घातलेल्या मरकॅप्टनचा, पण डिझेल, ओली जाळी, मासळी या सगळ्यात तो नाकाला कळायला हवा ना. आणि एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, घरात निदान दाराखालून बाहेर जाईल, बोटीत फळ्यांच्या फटींतून पाण्यासारखा खाली उतरतो आणि इंजिनखाली तळाला साचतो, तिथे कोण नाक घालतंय. हवेत जेमतेम २ टक्के झाला की पेटू शकतो आणि ठिणगी पडायला तिथेच स्टार्टर, तिथेच पंप.

म्हणून डिटेक्टरच्या डब्यापेक्षा सेन्सर कुठे लावताय ते बघा. वायरिंगवाला छताजवळ लावायला निघालेला, त्याला थांबवलं. एक सेन्सर शेगडीखाली फळीपासून वीतभर वर, दुसरा तळाला पण साचलेल्या पाण्याच्या वर, कारण भिजला की मेला. आमचा तळाचा जानेवारीत गेलाच आणि नवीन सेन्सर चांगलाच महाग पडला, हे अजिबात आवडलं नाही.

कामाला आला का, तर हो. एका रात्री जयगडजवळ नांगर टाकून होतो तेव्हा वाजला, वास कोणालाच नाही, तांडेलांनाही नाही. पहिला सिलिंडर बंद केला, मग कुठलंच बटण दाबायचं नाही, पंखा नाही, पंप नाही, इंजिन तर नाहीच, सगळी झाकणं उघडली आणि तळातून रिकाम्या बादल्या भरभरून बाहेर ओतल्या. गॅस जड असतो त्यामुळे असा उपसता येतो, पण बादलीत दिसत काहीच नाही म्हणून पोरं हसत होती. उजाडल्यावर साबणाचा फेस लावला तर शेगडीच्या नोझलपाशी बुडबुडे, क्लिप खाऱ्या हवेने गंजून ढिली झालेली.

म्हणजे मशीन गॅस आहे एवढंच सांगतं, कुठून ते साबणच सांगतो. इंग्लंडमध्ये कालव्यांतल्या बोटींवर रेग्युलेटरच्या पुढे बबल टेस्टर बसवतात, शेगडी बंद, सिलिंडर चालू, बटण दाबायचं, काचेत बुडबुडे आले की लाइनीत लीक, ना बॅटरी ना सेन्सर. कोकणात कुठे मिळत असेल तर सांगा, मला रत्नागिरीत तरी मिळाला नाही.

खोटा अलार्म मात्र वैताग आहे. थिनर, डिओ, डासांचा स्प्रे, कशानेही बोंबलतो आणि मग कोणीतरी वैतागून वायरच काढून ठेवतो. आम्ही मधला स्विच काढून वेगळा फ्यूज टाकून थेट बॅटरीला जोडलाय. चालतो का बघायला लायटरचा गॅस सोडू नका, आमच्या मॉडेलच्या कागदावर तर स्पष्ट मनाई आहे, टेस्टचं बटण आहे ते वापरा. घेताना सेन्सर बदलायची तारीख वाचा, दुकानात पडून राहिलेला माल नको.

आता १ जूनपासून मासेमारीबंदी, बोट वर ओढली की रंगकाम, थिनर, सिलिकॉन सगळं सुरू, आणि सिलिकॉनची वाफ काही सेन्सरना कायमची मारते. म्हणून दोन महिने डबा सेन्सरसकट काढून घरी ठेवणार.