पडदा रंगवायचाय, पण सरसात की ॲक्रिलिकमध्ये?

हा प्रश्न दिवाळीनंतर हमखास येतो. त्या सुमाराला हौशी नाटक मंडळींच्या तालमी सुरू होतात, कुणीतरी जोशात मांजरपाटाचा तागा घेऊन येतं, शिंप्याकडून पट्ट्या जोडून १५ बाय १० फुटांचा पडदा तयार होतो आणि मग गाडी अडते की रंग कशात कालवायचा. फ्लेक्सचं मी बोलतच नाही, फ्लेक्सवर स्पॉट पडला की राजवाडा राहतो बाजूला आणि चौकातला वाढदिवसाचा बोर्ड लावल्यासारखं दिसतं. म्हणजे उरले दोनच, ॲक्रिलिक (किंवा भिंतीचं इमल्शन, त्याच खानदानातलं) आणि आपला जुना सरस, म्हणजे सुतारांचा जनावरी गोंद. मी पहिली तीन वर्षं ॲक्रिलिक वापरलं, आता चार वर्षं सरस वापरतोय. त्यामुळे जे सांगतोय ते हातानं केलेलं आहे, लॅबमध्ये मोजलेलं नाही, आणि तुमच्याकडची हवा वेगळी असेल तर अनुभवही वेगळा येईल हे आधीच कबूल.

ॲक्रिलिकबद्दल वाईट बोलायला मला अवघड जातं कारण त्यानं आमची लाज बऱ्याच वेळा राखलीय. डबा उघडा, थोडं पाणी घाला, मारा. तासाभरात सुकतं, ओला रंग आणि सुकलेला रंग यात फार फरक पडत नाही, दुसरा हात मारताना खालचा सुटत नाही, वर चहा सांडला तरी ओल्या फडक्यानं निघतो. उद्या प्रयोग आणि आज पडदा अशी वेळ आली असेल तर पुढचं वाचत बसू नका, ॲक्रिलिक घ्या, मी पण तेच घेईन.

सरसाचं उलट, तो आदल्या रात्रीपासून छळतो. रात्री भिजत घालायचा, सकाळपर्यंत फुगतो, मग एका पातेल्यात पाणी तापवून त्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचा. आणि उकळू द्यायचा नाही. आमच्या गल्लीत एक सुतार आबा होते, फेव्हिकॉलच्या आधीच्या जमान्यातले, ते म्हणायचे "सरस उकळला की मेला." हे खरंच आहे, कारण सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याहाडांतून काढलेलं जिलेटिन, ते फार तापवलं की त्याचे लांब धागे तुटतात आणि चिकटपणाच जातो. मी साधारण १०० ग्रॅमला दीड लिटर पाणी धरतो, पण खरी परीक्षा बोटाची. वाटीभर गार करून बघायचा, हलवल्यावर मऊ खरवसासारखा थरथरला तर बरोबर. घट्ट वडी झाली तर पाणी वाढवा नाहीतर रंग सुकल्यावर तडकेल, आणि पातळच राहिला तर रंग हाताला पुडीसारखा येईल.

वास येतो, हो. आमच्या घरी त्याला स्वयंपाकघरात बंदी आहे, "हे चामडं माझ्या गॅसवर नको" असं आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, त्यामुळे आमचा सगळा कारखाना गच्चीवर जुन्या रॉकेलच्या स्टोव्हवर चालतो. तुमच्या घरीही हीच अडचण असेल तर ओडिशाचा मार्ग आहे. पुरीजवळच्या रघुराजपूरचे चित्रकार जुन्या सुती साडीचे दोन थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवतात, वर खडूची पूड आणि तीच खळ, मग दगडानं घोटून गुळगुळीत करतात आणि रंग कवठाच्या डिंकात कालवतात. त्यांच्या पट्टचित्राला, म्हणजे कापडावरच्या चित्राला, हे सुंदर आहे, पण १५ फुटी पडद्याला एवढे चिंचोके कोण शिजवणार हा आमचा प्रश्न होता.

आणि सरसाची सगळ्यात मोठी खोड म्हणजे ओला रंग गडद दिसतो आणि सुकल्यावर फिका पडतो, थोडाथोडका नाही चांगला दोन-तीन पायऱ्या फिका. माझा पहिला पडदा संध्याकाळच्या आभाळाचा होता, रात्री झोपताना छान जांभळट सोडून गेलो आणि सकाळी बघतो तर दुपारचे बारा वाजलेले. कारण असं की या रंगात सरस जेमतेम दाणे धरून ठेवण्यापुरता असतो. पाणी उडालं की दाण्यांच्या मध्ये हवा शिरते, उजेड त्या हवेत फुटतो आणि रंग पांढुरका होतो. ओल्या खडूचा फळा आणि सुकलेला फळा आठवा. उपाय सोपा आहे, प्रत्येक कालवण चिंधीवर ओढून तिच्यावर इस्त्री फिरवायची आणि मगच पडद्याला ब्रश लावायचा. पण हीच खोड स्टेजवर गुण होते. पृष्ठभाग चमकत नाही, दिवा कुठूनही मारा, आभाळ आभाळच राहतं. ॲक्रिलिकवर साइडचा लाइट पडला की माझ्या जंगलात ट्यूबलाइट दिसायचे, मॅट घेतलं तरी थोडं दिसायचंच. तरी तेवढ्यासाठी मी बदललो नसतो.

बदललो ते एका मे महिन्यामुळे. आमच्याकडे दोन पडदे होते, दरबार आणि जंगल, दोन्ही ॲक्रिलिकचे, दोन्ही माझ्या हातचे, दरबाराच्या खांबांना तर मी आठ रविवार दिले होते. मार्चमधला प्रयोग झाल्यावर घाईघाईत दोन्ही एकत्र घडी घालून, रंगाकडून रंगाला, सुतळीनं बांधून हॉलच्या पत्र्याखालच्या माळ्यावर टाकले. त्यात दोष आमचाच होता हे मान्य. नोव्हेंबरात खाली काढले आणि घडी उलगडायला लागलो तर येईनात. दोघं इकडून, दोघं तिकडून धरून ओढलं आणि तो आवाज अजून कानात आहे, जखमेवरची चिकटपट्टी काढताना येतो तसा पण १५ फूट लांब. जंगलातल्या वडाच्या खोडावर दरबाराच्या खांबाचा पिवळा हात-दीड हात निघून बसलेला, आणि दरबारात जिथे खांब होता तिथे नुसता मांजरपाट. ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकची पातळ साय, उन्हाळ्यात ती मऊ पडते आणि दाबून ठेवली की साय सायीला धरते. नंतर कळलं की मध्ये पातळ कागद घालायचा, पावडर मारायची, वगैरे. पण दर प्रयोगानंतर रात्री एक वाजता, टेम्पोवाला हॉर्न मारत असताना, कोण कागद घालतंय?

त्यानंतर मी जरा वाचायला लागलो आणि एक गोष्ट डोक्यात बसली की सरसाचं कापडी चित्र बऱ्याच ठिकाणी वाढलं ते गुंडाळून नेता येतं म्हणूनच. पंधराव्या शतकात फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमच्या भागात) लाकडी फळीवर तेलरंग हे मोठ्या गिऱ्हाइकाचं काम, आणि लिननच्या (जवसाच्या धाग्याच्या) कापडावर सरसात रंगवलेलं चित्र त्याहून स्वस्त, हलकं आणि गुंडाळी करून लांब पाठवता येणारं. त्याला जर्मनमध्ये ट्यूखलाइन म्हणतात, म्हणजे छोटं कापड. तिथल्या डीरिक बाउट्स या चित्रकाराचं ख्रिस्ताच्या दफनाचं चित्र यातलंच, लंडनच्या नॅशनल गॅलरीनं १८६१ मध्ये इटलीतून घेतलेलं, म्हणजे फ्लँडर्समधलं कापड तिकडे पोचलं होतंच. त्या चित्रात वरच्या काठाला एक पट्टी आहे, जी चौकटीखाली झाकलेली होती. तिथलं आभाळ अजून निळं आहे, बाकी सगळं उजेडानं आणि धुळीनं मातकट झालंय. फोटोत सुद्धा ती पट्टी बघितली की पोटात कालवतं. वार्निशचं कवच नाही त्यामुळे धूळ थेट रंगात मुरते, आणि वार्निश मारावं तर दाण्यांमधल्या हवेच्या जागी ते भरतं आणि सगळं काळवंडतं, कायमचं ओलं दिसल्यासारखं. म्हणून सरसाच्या पडद्यावर चमक यावी म्हणून कुणी वार्निशचा डबा पुढे केला तर हात धरा.

तिकडच्याच ब्रॉयगल या चित्रकारानं १५६८ मध्ये आंधळ्यांची ती रांग काढली, एकामागोमाग एक खड्ड्यात पडणारे, नेपल्सला आहे, ती पण लिननवर सरसातच. रंग इतका पातळ की कापडाची वीण दिसते. त्यातून मी एक धडा उचलला, पातळ ठेवा आणि एकदाच मारा. कारण सरसाचा दुसरा हात ओला असतो आणि तो खालच्या हाताला परत विरघळवतो, ब्रश दोनदा घासला की खालचा हिरवा वर येऊन चिखल होतो. पॅरिसच्या व्ह्युयार या चित्रकाराची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. हा गडी १८९० च्या दशकात नाटकांचे पडदे रंगवायचा, तिथे गरम सरसाची सवय लागली आणि मग तेच तंत्र त्यानं श्रीमंतांच्या घरातल्या मोठ्या चित्रांना वापरलं. १८९४ ची त्याची बागांची नऊ चित्रं सरसातच आहेत, त्यातली पाच पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये. म्हणजे स्टेजवरची कटकट आवडून घरी घेऊन जाणारा मी पहिला नाही. पुढे पुढे तो थरावर थर जाड चढवायला लागला आणि असल्या जाड थरांचं पापुद्रे सुटण्याचं दुखणं मागे लागतंच, तेवढं ध्यानात ठेवा.

आपल्याकडे तर रंगवलेल्या पडद्याचं वेड मोठं. १८८० मध्ये पुण्यात किर्लोस्करांचं 'शाकुंतल' झालं, त्याच्या आगेमागे पारशी कंपन्यांचे पडदे बघून मराठी कंपन्यांनाही जंगल, रस्ता, दरबार, बाग हे सगळं हवं झालं. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमाच्या आधी नाटक कंपन्यांचे पडदेच रंगवायचे, बाबूरावांचा 'सैरंध्री' १९२० चा, त्याच्या आधीचा हा धंदा. कंपनी आज मिरज, परवा हुबळी, पडदा बांबूला गुंडाळला, बैलगाडीत नाहीतर रेल्वेत टाकला, पुढच्या गावी सोडला. असल्या संसारात चिकटणारा रंग कसा परवडला असता!

गुंडाळण्याचा विषय निघालाच आहे तर तिबेटी थांगका, म्हणजे कापडावरची धार्मिक चित्रं, बघा. सुती कापडाला सरस, वर खडू किंवा पांढरी माती सरसात कालवून, मग दगडानं नाहीतर शंखानं घोटायचं, आणि दगडांची पूड करून रंग. निळ्या ॲझुराइटचं तर गंमतशीर आहे, जाड दळलं की गडद निळा, बारीक दळत गेलं की तोच दगड फिका आकाशी. हे सगळं गुंडाळून मठातून मठात. राजस्थानात भोपे लोक (गाणारे पुजारी) पाबूजी या लोकदेवाची फड, म्हणजे त्याच्या कथेचा लांब रंगवलेला पट, रात्री उलगडतात, दिव्याच्या उजेडात गातात, पहाटे परत गुंडाळतात, वर्षानुवर्षं. तिथे सरस नाही, कापडाला खळ आणि रंगात डिंक, पण नातं तेच. फड जीर्ण झाली की टाकत नाहीत, पुष्करच्या तळ्यात विसर्जन करतात, त्याला फड थंड करणं म्हणतात. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर जुन्या थांगकांवर गुंडाळण्याच्या आडव्या चिरा दिसतात, सरस काही अमर नाही. पण चीर जाणं वेगळं आणि खांब वडाला चिकटणं वेगळं.

पाण्याचं मात्र सांभाळा. ॲक्रिलिकचा पडदा पावसात भिजला तर वाळवून परत लावाल, सरसाचा भिजला तर ओघळ उतरतात आणि सुकल्यावर कडा उमटलेला डाग राहतो, तो जात नाही. कोकणात असाल, मांडव उघडा असेल, तर मी खरंच जबरदस्ती करणार नाही. तुरटी घातली की थोडा घट्टपणा येतो, लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाकले की भांड्यातला सरस दुसऱ्या दिवशी नासत नाही (तिसऱ्या दिवशी तरीही नासतो, आणि तो वास मात्र आईचं बरोबर होतं असं वाटायला लावतो). झुरळांना सरस आवडतो, डांबर गोळ्या टाका. पैशाचं म्हणाल तर सरस, खडूची पूड, गेरू, पेवडी (पिवळा रंग), काजळी, नीळ एवढ्यात आमचा अख्खा पडदा होतो आणि ॲक्रिलिकच्या डब्यांपेक्षा खूपच कमी पडतो, तुमच्याकडे दुकानदार कोण त्यावर आहे.

आणि दुरुस्ती, हे लिहायचं राहिलं. ॲक्रिलिकच्या सोललेल्या जागेवर नवा रंग मारला की ठिगळ दिसतंच, शेजारच्या रंगात मिसळत नाही. सरसाचं ठिगळ ओल्या ब्रशनं कडेनं हलकं फिरवलं की जुन्यात विरघळून जातं, पहिल्या रांगेतून सुद्धा कळत नाही. सरसातला दरबार मी चौथ्या वर्षी परवाच उलगडला, तोही एक अख्खा उन्हाळा त्याच पत्र्याखाली काढलेला. खाली फरशीवर चिमूटभर पेवडी पडली, ती केरसुणीनं गोळा केली, वाटीत सरस कोमट केला आणि तीच पेवडी परत कालवून खांबाला लावली.