इंदुरातलं टेक्सास बार्बेक्यू: दुपारी जा आणि सॉस बाजूला ठेवायला सांगा

विजय नगरच्या मागच्या बाजूला जे टेक्सास स्टाईल स्मोकहाऊस सुरू झालंय त्याबद्दल ओळखीतले बरेच जण विचारतायत म्हणून जरा सविस्तरच लिहिते. थोडक्यात हवं असेल तर मटणाचा खांदा अप्रतिम, पोर्क रिब्ज खूप छान, चिकन ठीकठाक, आणि जायचं ते दुपारीच. रात्री गेलात तर तेच नाव, तीच प्लेट, पण खाणं वेगळं. त्याच्यावर पुढे बोलते, कारण माझ्या मते सगळं तिथेच अडलंय.

आधी एक समजून घ्या. आपल्याकडे बार्बेक्यू म्हटलं की टेबलाच्या मधोमध निखारे, त्यावर सळया, पनीर टिक्का आणि अननस येत राहतात, बस झालं म्हणून टेबलावरचा छोटा झेंडा पाडेपर्यंत अनलिमिटेड, आणि मग वर बुफे. इथे यातलं काहीच नाहीये. आमच्या शेजारच्या टेबलवरची मंडळी बराच वेळ ग्रिल कधी लावणार म्हणून विचारत होती. मध्य टेक्सासमधे ज्याला बार्बेक्यू म्हणतात त्यात मांसाला ज्वाळ लागूच देत नाहीत, आग एका बाजूच्या लोखंडी पेटीत, मांस शेजारच्या लांब टाकीत, आणि मधून फक्त गरम धूर फिरत फिरत दुसऱ्या टोकाच्या चिमणीतून बाहेर पडतो. तापमान ११० ते १३५ डिग्री सेल्सिअसच्या आसपास, तंदूर याच्या तिप्पट तरी सहज तापतो. त्यामुळे वेळ लागतो, भरपूर लागतो, तिकडे गाईगुरांच्या छातीचा मोठा तुकडा, ब्रिस्केट म्हणतात तो, शिजायला बारा-बारा तास घेतो, कधी त्याहूनही जास्त.

ब्रिस्केट इथे नाहीये हे पण सांगून टाकते. मध्य प्रदेशात गोवंशाचं मांस कायद्यानेच बंद आहे त्यामुळे प्रश्नच येत नाही. मला आवडलं ते हे की त्यांनी ब्रिस्केटच्या नावाखाली दुसरं काहीतरी खपवायचा प्रयत्न केला नाही. बकऱ्याचा सीना पातळ असतो, त्यात इतका वेळ धूर सहन करण्याइतकं मांसच नसतं, वाळून जाईल. म्हणून त्यांनी खांदा निवडला, ज्यात हाड आहे, मधे मधे चरबी आहे, आणि चिवट धागे आहेत जे सावकाश शिजले की मऊ जिलेटिन होऊन जातात. हा निर्णय ज्याने घेतला त्याला मटण कळतं.

माझा मावसभाऊ ह्यूस्टनला असतो, सध्या सुट्टीवर इंदुरात आहे, त्यालाच घेऊन गेलो आम्ही सगळे. दादाने आत शिरल्या शिरल्या मागचं अंगण बघायचं म्हटलं, आणि मालक मुलगा आनंदाने घेऊन गेला. काळी लोखंडी टाकी, बाजूला आगीची पेटी, भिंतीला लावून रचलेली लाकडं. आंब्याचं लाकूड जास्त, थोडी बाभूळ. मध्य टेक्सासमधे पोस्ट ओक नावाचं ओकचं लाकूड वापरतात, पश्चिमेकडे मेस्किट, आणि हे मेस्किट म्हणजे आपल्याकडे रस्त्याकडेला माजलेल्या विलायती बाभळीच्याच कुळातलं झाड, हे मला तिथे उभी असताना कळलं आणि फार मजा वाटली. मालकाने सांगितलं की बाभूळ फक्त आग धरून ठेवायला, वास आंब्याचा. लाकूड नीट वाळलेलं असायलाच हवं, ओलं असलं की दाट पांढरा धूर निघतो आणि मांस कडवट होतं, चिमणीतून जेमतेम दिसणारा निळसर धूर निघाला पाहिजे. आम्ही बघितला तेव्हा खरंच तसाच निघत होता. दादा म्हणाला, "अगं, तिकडे पण काही दुकानांत गॅसवर भागवतात, हा पोरगा लाकडावर करतोय."

ऑर्डर वजनावर होते. काउंटरवर जायचं, अडीचशे ग्रॅम, अर्धा किलो असं सांगायचं, तो समोर कापतो, वजन करतो आणि ट्रेमधे कागद घालून त्यावर ठेवतो. प्लेट नाही. काही लोकांना हे हलकं वाटेल, आमच्या काकूंना वाटलंच, पण ही पद्धत तिकडचीच आहे आणि त्यामागे कारण आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक लोक मध्य टेक्सासमधे येऊन वसले, त्यांचे खाटीकखाने होते, न विकलं गेलेलं मांस ते धुरावर लावायचे आणि सॉसेज बनवायचे, गिऱ्हाईक ते कागदात बांधून घ्यायचं आणि तिथेच ब्रेड, कांदा, लोणच्याबरोबर खायचं. ते वजनकाटे आणि तो कागद तेव्हापासून तसेच राहिले. दादा लॉकहार्ट नावाच्या गावी जाऊन आलाय, तिथे क्रूझ मार्केट म्हणून १९०० पासूनचं दुकान आहे आणि कितीतरी वर्षं त्यांच्याकडे ना सॉस मिळायचा ना काटा-चमचा, हाताने खा आणि मांसाची चव घ्या.

आता मटण. आमच्या रामबागेतल्या घरी रविवारचं मटण कधी चुकत नाही, त्यामुळे मटणाबद्दल घरातल्या प्रत्येकाचं ठाम मत असतं आणि आम्ही पटकन खूश होत नाही. खांदा आला तो बाहेरून जवळजवळ काळा. जळलेला नाही. मीठ, जाडसर कुटलेली मिरी आणि तासन् तासांचा धूर मिळून ती कडक खपली तयार होते, तिला ते बार्क म्हणतात, आणि तीच सगळ्यात चविष्ट असते, कृपा करून काढून बाजूला ठेवू नका. आतून बोटाने दाबलं तरी धागे सुटतात पण लगदा होत नाही. कुकरमधे शिट्ट्या देऊन मऊ केलेलं मटण मऊ असतं पण त्याचा रस रश्श्यात गेलेला असतो, इथे रस्साच नाही, त्यामुळे जे आहे ते सगळं मांसात. पहिला घास मिरीचा, मग धूर, मग अगदी शेवटी बकऱ्याचा तो स्वतःचा वास जो मसाल्यात आपण कायम झाकून टाकतो. माझे वडील, जे गरम मसाल्याशिवाय मटणाला हात लावत नाहीत, त्यांनी दुसऱ्यांदा मागवलं.

एक महत्त्वाचं. कापल्यावर खपलीच्या खाली गुलाबी कडा दिसते. ते कच्चं नाही. लाकडाच्या धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याला चिकटतात आणि तो गुलाबी रंग शिजल्यावरही जात नाही, तिकडे उलट ती कडा नीट आली की शाबासकी देतात. इथे मात्र शेजारच्यांनी ट्रे परत पाठवला आणि वेटर काही न बोलता घेऊन पण गेला. मला खरंच वाईट वाटलं. त्या पोरांना दोन वाक्यं शिकवा ना, इतक्या मेहनतीचं मटण परत कशाला पाठवू देता.

रिब्ज फक्त पोर्कच्या आहेत, चांगल्या आहेत, हाड ओढलं की मांस सुटतं पण आपोआप गळून पडत नाही, दादाच्या म्हणण्यानुसार तेच बरोबर आहे, गळून पडलं म्हणजे जास्त शिजलं. चिकनचं सॉसेज तिखट आणि रसरशीत. चिकन मात्र मला नाही पटलं, मांस छान ओलसर आहे पण कातडी रबरासारखी, इतक्या कमी तापमानात कातडी कुरकुरीत होतच नाही, शेवटी दोन मिनिटं कडक आचेवर फिरवली असती तर प्रश्न सुटला असता. तसं मालकाला सांगितलंय.

आता सॉस. न विचारता सगळ्यावर गोड टोमॅटोचा सॉस ओतून देतात, ऑर्डर देतानाच बाजूला द्या म्हणून सांगा. सॉस वाईट नाहीये, पूर्व टेक्सासमधे तसा गोडसर सॉस असतो, पण सात-आठ तास जे केलं त्याच्यावर गोड पाणी ओतल्यासारखं होतं. आधी नुसतं खा. मग कांदा आणि लोणच्याबरोबर. मग वाटलंच तर सॉस. माझ्या भाच्याने खिशातून जीरावनची, म्हणजे पोह्यांवर टाकतात त्या इंदुरी मसाल्याची, पुडी काढून टाकली त्याच्यावर, इंदूरचा मुलगा आहे, काय बोलणार, रिब्जवर ते खरंच बरं लागलं.

बाजूच्या गोष्टींत बीन्स उत्तम, बटाट्याचं सॅलड साधं, कोबीचं कोलस्लॉ फार गोड. मक्याचं कणीस धुरावर लावलेलं आहे आणि भुट्ट्याचा कीस खाऊन वाढलेल्या माणसाला सुद्धा ते आवडेल. ब्रेड इथल्याच बेकरीतला पांढरा पाव आहे, त्याचं काम फक्त चरबी आणि रस टिपणं आणि ते तो करतो.

शाकाहारी लोकांसाठी स्पष्ट सांगते. स्मोक्ड पनीर आणि स्मोक्ड फणस मेनूवर आहे पण ते त्याच टाकीत बनतं ज्यात मटण आणि पोर्क असतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी लपवलं नाही, सरळ सांगितलं, हे चांगलं. आई शाकाहारी आहे, तिने ते घेतलं नाही, तिने चीज मॅकरोनी आणि कणीस खाल्लं, कणीस त्याच टाकीतलं नाही, त्याला वेगळ्या शेगडीवर धूर देतात, पण हेही आम्हाला विचारल्यावरच कळलं. हे सगळं मेनूवर लिहायला हवं, इंदुरात अर्ध्या घरात एक तरी शाकाहारी माणूस बरोबर असतंच.

आता ते दुपार-रात्रीचं. खांदा पहाटे टाकीत चढतो, दुपारी एकच्या सुमारास उतरतो, थोडा वेळ कागदात गुंडाळून मुरतो आणि मग कापतात. त्या वेळी तो जो असतो तो असतो. मी एकदा रात्री पण जाऊन आलेय, साडेनऊला, तेव्हा तोच खांदा गरम पेटीत ठेवलेला होता, कडा सुकलेल्या, खपली ओली पडलेली, आणि चव सगळी नुसत्या धुराची. भाव तोच. टेक्सासमधली नावाजलेली दुकानं संपलं की बंद करतात. ऑस्टिनचं फ्रँकलिन बार्बेक्यू, २००९ मधे एका ट्रेलरमधे सुरू झालेलं, तिथे लोक सकाळपासून रांगेत बसतात आणि माल संपला की पाटी लागते. लेक्सिंग्टनचं स्नोज तर फक्त शनिवारी उघडतं. आणि हे काही अडाणी लोकांचं खाणं समजू नका, २०२४ मधे मिशेलिन गाइड, म्हणजे जगभरच्या हॉटेलांना स्टार देणारं ते नावाजलेलं गाइड, पहिल्यांदा टेक्सासला आलं तेव्हा चार बार्बेक्यूच्या दुकानांना एकेक स्टार मिळाला.

मला कळतं की इंदूर रात्री खातं. सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार उघडतो तेव्हा बाकीची गावं झोपलेली असतात, रात्री बंद ठेवणारं हॉटेल इथे कसं चालेल असं कुणीही म्हणेल. पण मग संध्याकाळसाठी वेगळी खेप लावा, सकाळी दहाला चढवा म्हणजे संध्याकाळी ताजी उतरेल. किंवा रात्री फक्त सॉसेज, रिब्ज आणि सँडविच ठेवा आणि खांदा संपला असं मोकळेपणी सांगा. लोक रागावणार नाहीत, उलट दुसऱ्या दिवशी लवकर येतील. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत आवडीची गोष्ट संपली म्हणून आपण कधी भांडलोय का, दुसऱ्या दिवशी परत जातोच ना. ज्या मुलाने लाकूड वाळवण्यापासून इतकी मेहनत घेतलीय त्याने रात्रीच्या गिऱ्हाइकासाठी स्वतःचं नाव खराब करू नये असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि हे मी त्याला तोंडावर पण सांगितलं. तो म्हणाला, "दीदी, रात का ही तो धंधा है." तेही खरंच आहे त्याचं.

खर्च म्हणाल तर सहा जणांचं पोटभर, पाणी आणि लिंबू सोडा धरून, पाच हजाराच्या थोडं वर गेलं. वजनावर असल्यामुळे हावरटपणे मागवलं की बिल फुगतं, माणशी दोनशे ग्रॅम मटण पुरतं, बाकी कणीस आणि बीन्सवर भरा. बसायला एसी आहे पण अंगणाच्या बाजूचं टेबल घेतलं तर कपड्यांना धुराचा वास राहतो, ऑफिसला परत जायचं असेल तर आतच बसा. गाडी लावायला समोरच्या गल्लीत जागा मिळते, शनिवारी नाही मिळत. सर्व्हिस हळू आहे पण पोरं गोड आहेत.

बकऱ्याची आख्खी रान, म्हणजे मांडी, पण करतात, त्यासाठी आदल्या दिवशी फोन करून ॲडव्हान्स द्यावा लागतो आणि ती दुपारी दोननंतरच मिळते. दादा परत जायच्या आधीच्या रविवारसाठी सांगून ठेवलीये, सॉसशिवाय, आणि काकूंसाठी घरून एक स्टीलचं ताट घेऊन जाणार आहोत.