सात महिने ‘बनाना ब्लिट्झ’: घेतला पन्नास खेळांसाठी, राहिला माकडाच्या चेंडूसाठी

माझा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला आहे. मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा युरोपातून एक जुनं वी, म्हणजे टीव्हीला जोडायचं निन्टेंडोचं खेळाचं यंत्र, घेऊन आला. सोबत दोन रिमोट, त्यांना जोडून दुसऱ्या हातात धरायचे दोन नन्चक आणि एकच डिस्क, ‘सुपर मंकी बॉल: बनाना ब्लिट्झ’. वेष्टनावर मोठ्या अक्षरात पन्नास पार्टी खेळ असल्याचं लिहिलेलं, त्यामुळे पोरं त्या दिवसापासून टीव्हीसमोरून हलेनात. आम्ही गोव्यात डिचोलीला राहतो. जूनला पाऊस लागला की पोरांना चार महिने घराबाहेर पाठवायची सोय नसते, तेव्हा ही भेट अगदी वेळेवर आली.

सेगाचा हा खेळ २००६चा, वी बाजारात आलं त्याच सुमाराचा. पारदर्शक चेंडूत बसलेलं माकड, खाली हवेत तरंगणाऱ्या वाटा, वाटेत केळी आणि टोकाला गोल, म्हणजे पोहोचायची जागा. घड्याळ उलटं मोजत असतं. माकडाला आपण थेट चालवत नाही. रिमोट कलता धरला की सगळी जमीनच त्या बाजूला कलते आणि चेंडू उतारावरून घरंगळतो. या मालिकेत माकडाला उडी मारता येऊ लागली ती याच भागापासून. त्यासाठी रिमोटवरचं ए बटण आहे.

पहिले पंधरा दिवस मी रोज हरत होतो. चेंडू कडेला गेला की मी घाबरून हात उलट्या बाजूला झटकायचो आणि माकड दुसऱ्या कडेवरून खाली जायचं. एका दुपारी आई माझ्या बाजूला बसून तांदूळ पाखडत होती. तिचं सूप मी जन्मापासून बघतोय, पण त्या दिवशी नीट बघितलं. कोपर अंगाला चिकटलेलं, खांदा स्थिर, हलत होतं ते फक्त मनगट, तेही बोटभर. खडे एका कडेला येत होते आणि तांदळाचा दाणा खाली पडत नव्हता. ती म्हणाली, "अरे, तू हात कशाला उचलतोस? चेंडू थांबल्यावर मग दुसरीकडे कलव." मी कोपर मांडीवर टेकवलं, रिमोट सुपासारखा आडवा धरला आणि कलवण्याआधी चेंडू मंदावायची वाट बघू लागलो. दोन हात रुंद सरळ पट्टीवरून माकड त्या दिवशी पहिल्यांदा पार गेलं. नवीन खेळणाऱ्यांना मी आजही एवढंच सांगतो.

एकूण दहा जगं, प्रत्येकात दहा लेव्हल. बहुतेक जगांच्या शेवटी एका मोठ्या शत्रूशी लढत. पहिलं जग लहान मुलंही पार करतात. पाचव्या-सहाव्यापासून कठडे नाहीसे होतात, जमीन हलू लागते आणि मनगटाची परीक्षा सुरू होते. माझी सहावीतली मुलगी एकच लेव्हल तीस-चाळीस वेळा खेळते, आणि हरल्यावर आपलं काय चुकलं ते तिला कळलेलं असतं. नशिबाचा भाग इथे फार थोडा, म्हणून हा खेळ मला मनापासून आवडतो.

खटकतो तो शत्रूंशी लढतानाचा कॅमेरा. आपल्या हातात तो नाहीच. तो स्वतःच माकडाच्या मागे फिरतो आणि अरुंद जागी गर्रकन वळला की दिशाच चुकते. कलवणं आणि उडी एकाच हाताने करायची, त्यात हे. पन्नास वेळा हरूनही न चिडणारी माझी मुलगी इथे मात्र चिडते, आणि ते रास्तच आहे.

आता ते पन्नास खेळ. चार जणांना मिळून खेळता येतात. आमच्याकडे रिमोट दोनच, त्यामुळे पाळी लावावी लागते. पहिल्या आठवड्यात सगळे खेळून पाहिले. खरं सांगायचं तर मोजून आठ-नऊच टिकले. हातोडाफेक अजून रंगते. रिमोट डोक्यावर गरगर फिरवायचा आणि नेमक्या क्षणी बटण सोडायचं. माकड उडवून पाण्यातल्या गोल खुणांवर उतरवण्याचा मंकी टार्गेट, बर्फावरची घसरण, रिंगा फेकणं, बिळातून वर येणारी डोकी ठोकणं हेही चालतं. बाकीचे एकदा बघून विसरण्यासारखे. काहींमध्ये हात कसा हलवायचा तेच कळत नाही, काही अर्ध्या मिनिटात संपतात. पन्नासऐवजी बारा घडवून केले असते तर बरं झालं असतं. २०१९मध्ये हा खेळ एचडी रूपात परत आला तेव्हा त्यात दहाच पार्टी खेळ ठेवले होते. पण त्यात रिमोट कलवणंही गेलं, कंट्रोलरवरच्या अंगठ्याने हलवायच्या काडीने खेळायचं. मला विचाराल तर जुनी डिस्कच घ्या.

चवथीला सगळे मूळ घरी जमतो. वीही सोबत नेलं होतं. टीव्ही गणपतीच्याच खोलीत, वर माटोळी म्हणजे फळाफुलांची टांगलेली चौकट, मखराच्या दोन्ही बाजूंना समया. जेवणं झाल्यावर पोरांनी खेळ लावला तर रिमोट रोखू तिकडे जाणारा पडद्यावरचा बाण वेड्यासारखा नाचू लागला. कोणी म्हणे सेल संपले, कोणी म्हणे यंत्र गेलं. कारण वेगळंच होतं. टीव्हीखाली ठेवतात त्या पट्टीला सेन्सर बार म्हणतात, पण तिच्यात सेन्सर नसतो. दोन टोकांना डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे असतात आणि बघणारा बारीक कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असतो. समईच्या ज्योतीतही तोच प्रकाश असतो, त्यामुळे रिमोटला कुठले दिवे आपले ते समजेना. समया विझवायचा प्रश्नच नव्हता. टीव्ही शेजारच्या खोलीत हलवला आणि बाण जागेवर आला. माकडाचा मुख्य खेळ मात्र समयांसमोरही बिनतक्रार चालला असता, कारण कल ओळखण्याचं काम रिमोटच्या आतला वेगळा भाग करतो, त्याला त्या पट्टीची गरज नसते. अडतात ते मेनू आणि नेम धरायचे खेळ. दुपारी खिडकीतून थेट ऊन येत असेल तरी हाच घोळ होतो, पडदा ओढून घ्या.

जुनं यंत्र घेणाऱ्यांसाठी आणखी थोडं. नव्या टीव्हीला वीच्या तीन रंगांच्या वायरी जोडता येत नाहीत. मी म्हापशाच्या बाजारातून छोटं एचडीएमआय अ‍ॅडॉप्टर आणलं. सुरुवातीला हात कलवल्यावर चेंडू किंचित उशिरा हलायचा. टीव्हीतला गेम मोड चालू केल्यावर तो उशीर जवळपास गेला. हे केल्याशिवाय खेळाला नावं ठेवू नका. डिस्क घेताना प्रदेश जुळतो का ते बघा. युरोपच्या यंत्रावर अमेरिकेची डिस्क चालत नाही. मनगटाची दोरी पातळ असेल तर बदला. निन्टेंडोनेच २००६च्या डिसेंबरात जाड दोऱ्या बदलून द्यायला सुरुवात केली होती. आमच्या घरी दोरी बांधल्याशिवाय हातोडाफेकीला रिमोट मिळत नाही. आणि आपल्याकडच्या पावसात सेल रिमोटमध्ये ठेवून देऊ नका. जुलैत आठवडाभर खेळ बंद होता, तेवढ्यात एका रिमोटच्या स्प्रिंगांवर हिरवट थर चढला. कापसाला व्हिनेगर लावून पुसला तेव्हा चालू झाला.

आता पार्टी खेळ पाहुणे आले की निघतात. रोज संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मी आणि मुलगी अर्धा तास फक्त चेंडू चालवतो. आठवं जग मागच्या आठवड्यात पार झालं. आई खेळत नाही, पण माझं कोपर मांडीवरून उचललं गेलं की मागून आवाज येतो, "हात खाली." भावाला नव्या वर्षात सुट्टी आहे, त्याला आणखी दोन रिमोट आणायला सांगितलेत.