सेंटरची फिजिओथेरपी की घरचे व्यायाम? टोन कमी असलेलं मूल चालायला शिकताना

18 महिने उलटले तरी मूल हात सोडून पाऊल टाकत नाही. डॉक्टर म्हणतात, ‘टोन कमी आहे, फिजिओ सुरू करा.’ मग आईबापांपुढे प्रश्न येतो: आठवड्यातून तीनदा सेंटरला न्यायचं, की व्यायाम शिकून घेऊन घरीच करून घ्यायचे? माझ्या लेकीसाठी मी दोन्ही केलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू दे. टोन म्हणजे ताकद नव्हे. स्नायू स्वस्थ असतानाही त्यात जो ताण असतो, तो टोन. व्यायामाने तो फारसा बदलत नाही. वाढते ती ताकद आणि सुधारतो तो तोल. त्यामुळे ‘टोन नॉर्मल करून देतो’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथे पैसे भरू नका. टोन कमी का आहे, हेही तपासून घ्या. थायरॉइड, ड जीवनसत्त्वाची कमतरता, डाउन सिंड्रोम, स्नायूंचे आजार अशी कारणं असू शकतात. काही मुलांत कारण सापडतच नाही.

सेंटरला मिळते ती जाणकार नजर. आमची लेक सोफा धरून उभी राहायची आणि मी खूश व्हायचे. थेरपिस्ट जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘गुडघे बघा.’ गुडघे मागे ढकलून घट्ट अडकवलेले, पोट सोफ्याला टेकलेलं. ती स्नायूंवर नव्हे, सांध्यांवर उभी होती. त्यांनी तिचं खेळणं वीतभर बाजूला सरकवलं. लगेच एक गुडघा सैल झाला, वजन दुसऱ्या पायावर गेलं आणि आडवं पाऊल पडलं. असे शंभर व्हिडिओ पाहूनही मला हे दिसलं नसतं.

पण पाऊण तासाच्या सेशनमधली पहिली दहा मिनिटं रडण्यात जातात. झोपेची वेळ चुकली तर तो दिवस वायाच. आणि चालणं सरावाने येतं, तेही भरपूर सरावाने. 12 ते 19 महिन्यांच्या मुलांच्या एका अभ्यासात, मोकळं खेळताना ती तासाला सरासरी 2,368 पावलं टाकतात आणि 17 वेळा पडतात, असं दिसलं. आठवड्यातल्या तीन सेशनमधून एवढा सराव कुठून होणार?

तो घरीच होतो. पाय जमिनीवर पूर्ण टेकतील एवढ्या बुटक्या स्टुलावर बसवायचं आणि खेळणं समोर उंचावर ठेवायचं, म्हणजे ती उठते, बसते, पुन्हा उठते. पाच मिनिटं पुरे, पण दिवसातून पाच-सहा वेळा. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांवर अमेरिकेत झालेला, 2001 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार धीर देऊन गेला. आईबाप बाळांना घरीच छोट्या ट्रेडमिलवर धरून चालवत होते, रोज 8 मिनिटं, आठवड्यातून 5 दिवस. ती बाळं, ट्रेडमिल न मिळालेल्या डाउन सिंड्रोमच्याच इतर बाळांपेक्षा सुमारे 101 दिवस आधी चालली. ट्रेडमिल प्रत्येकाला लागते असं नाही; मला त्यातलं ‘रोज, थोडं, घरी’ महत्त्वाचं वाटलं.

घरच्या व्यायामात चुका आपल्याच होतात. मी तिचे दोन्ही हात वर धरून तिला चालवायचे, आणि ती माझ्या हातांना लोंबकळायची. कंबरेच्या दोन्ही बाजूंना हलकं धरलं, तेव्हा तिचे पाय कामाला लागले.

म्हणून माझं मत असं: बहुतेकांनी आठवड्यातून एकदा सेंटर आणि रोज घर. दिवसभर मूल दुसऱ्या कुणाकडे असेल, तर त्या माणसालाही सेशनला न्या. थेरपिस्ट घरी येत असतील तर उत्तमच, तुमचाच सोफा आणि तुमचाच जिना त्यांना दिसतो. मात्र शरीराची एकच बाजू कमजोर वाटत असेल, आधी येत असलेलं आता येईनासं झालं असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर ही तुलना बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

साधनांबद्दल थोडक्यात. आत बसवायचा बेबी वॉकर नकोच. मूल त्यात चवड्यांनी ढकलत राहतं, तोल शिकत नाही, शिवाय अपघात होतात. कॅनडाने 2004 मध्ये त्यावर बंदीच घातली. पांगुळगाडा चांगला, पण त्यात वजन ठेवा, नाहीतर तो पुढे पळतो. घरात अनवाणी असू द्या. घोटे आत कलत असतील तर आधाराचे स्प्लिंट थेरपिस्टना विचारून, मापाचे करून घ्या.

सेंटर निवडताना पहिल्याच दिवशी विचारा, ‘या आठवड्यात घरी काय करू?’ मुलाला आत नेऊन तुम्हाला बाहेर बसवत असतील तर दुसरं सेंटर बघा. आणि दर रविवारी त्याच जागी एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. रोजच्या बघण्यात फरक कळत नाही. आमच्या सहाव्या व्हिडिओत लेकीने सोफ्यावरचा एक हात उचलून टाळीसाठी पुढे केला होता, आणि तिचे गुडघे सैल होते.